दिनू, स्टुलाला पाठ लावू की नको

दिनू, तुझ्यावर पेपरात छापून आलेलं तुझ्या सुजातानं मला मोबाइलवर पाठवलं. 'साताऱ्यातील ज्येष्ठ औद्योगिक अभिकल्पकाचे निधन' असा मथळा. हे कोण अभिकल्पक गेले बुवा, म्हणून मी पुढे सरकवणारच होते, तेवढ्यात तुझा फोटो दिसला. आयुष्यभर आपण डिझायनर म्हणालो, आणि गेल्यावर तुला असलं जड नाव. आई बरी. ती शेजारणींना सांगायची, 'वस्तू कशी असावी ते आमचा दिनू ठरवतो, आणि मग दुसरी माणसं ती करतात.' त्यावर कोरेगावच्या आपल्या आळीचा एकच प्रश्न असायचा, की नुसतं ठरवायला पगार कोण देतं.

पेपरात तुझं शिक्षण, नोकऱ्या, बक्षिसं सगळं नीट आलंय. एकही चूक नाही, आणि त्यात तू कुठेच नाहीस. मला ते काही लिहायचं नाही. मला आपलं भांडण संपवायचंय. थोरल्या बहिणीशी वाद घालता घालता मधेच उठून निघून जायचं, ही काय रीत झाली का रे?

भांडण तुला ठाऊकच आहे, पण मला पहिल्यापासून उगाळल्याशिवाय चैन पडत नाही. तासगावकडच्या एका बेदाण्याच्या शेडमालकानं तुला बोलावलं होतं. द्राक्षं वाळून बेदाणा झाला की बायका तो हातानं निवडतात, काळा पडलेला, काडी राहिलेला बाजूला काढतात. हंगामभर, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत, जमिनीवर पोतं टाकून. गुडघे जातात, कंबर जाते. त्यांच्यासाठी तू एक बुटकं स्टूल काढलंस. वीतभर उंच, पुढे जरासं कललेलं, पाय लांब करता येतील असं. करायचं होतं माझ्या कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये. इस्माईलभाईंनी पहिला नमुना वेल्डिंग करून टेबलावर ठेवला आणि मी विचारलं, पाठ कुठाय?

'पाठ नाही,' तू म्हणालास.

'दिवसभर बसणार त्या बायका, आणि टेकायला काही नको?'

'नको.'

'का नको?'

'आक्का, तू एकदा तिथं जाऊन बस. मग बोल.'

हे तुझं ठरलेलं उत्तर. वर मागचे पाय तू सरळसोट खाली सोडलेले, जरासुद्धा बाहेर फाकवलेले नाहीत. माणूस किंचित मागे रेललं की स्टूल कलंडणार. मी बसून दाखवलं आणि कलंडूनही दाखवलं, कामगारांच्या देखत, या वयात. इस्माईलभाई उचलायला धावले. तू हसलास, मला पाणी दिलंस आणि कागदावरची एक रेघ खोडली नाहीस. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या.

आणि मार्गशीर्षात तू गेलास. शेडमालकाला माल शिवरात्रीच्या आत हवा. म्हणजे तुझी शेवटची वस्तू नीट उतरवायची की बिघडवायची, हे एकटीच्या माझ्या गळ्यात. पाठ लावली आणि तुझं खरं निघालं, तर तुझ्या शेवटच्या कामाची मी वाट लावली. नाही लावली आणि माझं खरं निघालं, तर शेडभर बायका बसल्या बसल्या माझ्या नावानं बोटं मोडणार. कामगार रोज सकाळी विचारायचे, 'आक्का, पाठीचं काय ठरलं?' मी म्हणायचे, उद्या सांगते.

फोनवर तुला मी शेवटचं काय बोलले, आठवतंय? 'तुझी पाठ धरेल ना, तेव्हा कळेल तुला,' आणि ठेवला फोन. सुजाताला हे कळल्यापासून ती सारखी म्हणते, 'वन्सं, मनाला लावून घेऊ नका.' मी तिला म्हणते, अगं, मी कशाला लावून घेऊ? दिनू, आपण दोघांनी कधी गोड बोलून फोन ठेवलाय का? तसा ठेवला असता तर तूच घाबरून परत केला असतास, आक्का बरी आहे ना म्हणून.

लहानपणापासून तू असाच. कोरेगावच्या सोमवारच्या बाजारात आई तुला घेवडा आणायला पाठवायची आणि तू रिकामी पिशवी घेऊन घरी. विचारलं तर म्हणायचास, घेवडेवाल्याची म्हातारी पोत्याचं तोंड कसं गुंडाळते ते बघत होतो. तिनं तोंड बाहेर वळवून जाड कड केली होती म्हणे, त्यामुळे माप घालताना पोतं मिटत नव्हतं. हे तू आईला पिशवी वळवून करून दाखवलंस. आईनं ते बघितलं, 'छान आहे' म्हणाली, आणि मग पाठीत धपाटा घालून परत बाजारात पाठवलं. दोन्ही गोष्टी तिनं मनापासून केल्या.

तू अहमदाबादला हे असलं काहीतरी शिकायला जातो म्हणालास तेव्हा बाबा आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. तुझ्या बाजूनं मी बोलले. तुझं ते शिक्षण मला कळलं होतं म्हणून नव्हे हं. तू इंजिनिअर झालास तर एखादा पूल पडेल, अशी मला खात्री होती.

पुण्याच्या कंपनीत तू पहिली मोठी वस्तू केलीस ती घरघंटी. पहिल्या खेपेतली एक तू आमच्या विश्रामबागच्या घरी घेऊन आलास. पांढरीशुभ्र, वरचं प्लास्टिकचं झाकण गोलसर, नितळ, कुठे सांधा दिसत नव्हता. तू त्या झाकणावरून हात फिरवत आमच्या ह्यांना सांगत होतास, की हा उतार साधायला वर्ष गेलं. तोवर आमच्या सासूबाई देवघरातून आल्या. त्यांनी घरघंटीला हळदकुंकू लावलं. ते त्या उतारावरून ओघळून खाली आलं. फूल ठेवलं, ते घसरून पडलं. मग त्यांनी नारळ उचलला आणि दाणकन त्या झाकणाच्या कडेवरच फोडला.

झाकणाला हा एवढा तडा. नारळाचं पाणी थेट बटणात. घरात सगळे गार. हे तर आपल्या आईकडे असे बघत होते की विचारू नको. तू मात्र खाली बसलास, तडा बघितलास आणि विचारलंस, 'आत्या, इथंच का फोडला? खाली फरशी होती की.'

सासूबाई म्हणाल्या, 'पूजा यंत्राची का फरशीची?'

दुसरा कुणी असता तर तोंड पाडून बसला असता. तू त्यांच्या पाया पडलास. आणि मग दिवसभर तेच. गंध कुठं लावता, फूल कुठं ठेवता, खंडेनवमीला शिवणयंत्राला कुठं लावता, मिक्सरला कुठं लावता. सासूबाईंना आयुष्यात कुणी इतकं विचारलं नव्हतं. शेवटी त्याच कंटाळून म्हणाल्या, 'आरं, जेव आता.'

तू पुण्याला जाऊन साहेबांना सांगितलंस, पुढच्या बाजूला एक सपाट पट्टी देऊ, स्टीलची, चार बोटं रुंद, पूजेला. साहेब लोक हसले. त्यांनी त्याऐवजी झाकणावर एक कागद चिकटवला, यंत्रावर नारळ फोडू नये. त्या दसऱ्यानंतर तडे गेलेली झाकणं किती परत आली ते तूच मला खो खो हसत सांगितलंस. लोकांनी कागदावरच कुंकू लावलं होतं आणि त्यावर नारळ फोडला होता. मग मुकाट्यानं पट्टी आली. पण त्या हसण्यानंतर तुझं मन त्या नोकरीतून उडालं ते उडालंच. तू कधी बोलला नाहीस, मला मात्र कळत होतं.

तू साताऱ्याला परत आलास तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. पुण्याचा पगार सोडून हा इथं काय करणार? तू पोवई नाक्याजवळ एक खोली घेतलीस आणि जो बोलवेल त्याच्याकडे जायला लागलास. पाटणच्या डोंगरातल्या दूधवाल्यांच्या किटल्या, सांगलीत हळदीच्या अडत्यांचे हातगाडे, कुणाची सरकी फोडायची यंत्रं. आधी चार दिवस नुसता जाऊन बसायचास. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. लोकांनी तुझं नाव 'बघे साहेब' पाडलं. मग पुठ्ठ्याचा नमुना करून एसटीनं सांगलीला. एकदा पुठ्ठ्याची अख्खी हातगाडी घेऊन चढलास तर कंडक्टर म्हणाला, साहेब, हिचं तिकीट काढा नायतर हिला मांडीवर घ्या. तू कऱ्हाडपर्यंत ती मांडीवर घेऊन आलास.

आणि लोकांना वापरायला दिलेल्या वस्तू परत बघायला जायचास, तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा असायचा. आपण दिलेली वस्तू जशीच्या तशी दिसली की तू हिरमुसायचास. कुणी दांड्याला चिंधी गुंडाळलेली असली, दोरी बांधलेली असली, वाकवून ठेवलेली असली की खूश. 'आक्का, हे बघ, इथं मला चुकलेलं त्यांनी दुरुस्त केलंय.' चुका सापडल्या की असा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मला माझी एक चूक दाखवली तर मी दोन दिवस धुसफुसते.

आमचे हे गेले त्या वर्षीचं मला बोलायचंय. ते आपलं कधीच बोलून झालं नाही. वर्कशॉप विकून टाका असं सगळे सांगत होते. बाईमाणूस लोखंडात काय करणार? मी हट्टानं चालवायला घेतलं खरं, पण सकाळी शटर अर्धंच वर करून बाहेर उभी राहायचे. तेव्हा दर मंगळवारी तू यायला लागलास. म्हणायचास, इथं उजेड चांगला आहे, मला चित्रं काढायला बरं पडतं. खोटारडा. पत्र्याच्या त्या शेडमध्ये कसला उजेड? माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून दिवसभर कागदावर रेघोट्या मारायचास. गिऱ्हाईक आलं की मान वर करायचा नाहीस. कुणी मुद्दाम तुलाच विचारलं तर म्हणायचास, 'मालक त्या आहेत, त्यांना विचारा.' वर्षभरात लोक मलाच विचारायला लागले. मग तुला एकाएकी साताऱ्याचा उजेड आवडायला लागला. मी एकदाही तुला म्हटलं नाही, की दिनू, तू होतास म्हणून मी टिकले. आता म्हणते. उशीर झाला हे खरं, पण तुझंही चुकलंच, तू तेव्हा बोलू दिलं नाहीस. मी सुरुवात केली की लगेच वेल्डिंगच्या चुका काढायला लागायचास.

आणखी एक भांडण आपलं राहिलं. वस्तूवर तुझं नाव का नाही? मी म्हणायचे, चित्रकार सही करतो, गवंडीसुद्धा चौकटीवर साल कोरतो, तुझंच तेवढं कुठे काही नाही. तू म्हणायचास, हातगाडा ढकलणाऱ्याला माझं नाव वाचून काय मिळणार? ह्या भांडणात मी अजूनही माझ्या बाजूलाच आहे. पण तुझं तेरावं झालं त्या दिवशी सांगलीत उतरले, मार्केट यार्डापाशी, तर तीन हमाल तुझे गाडे घेऊन चालले होते. एकाच्या दांड्याला जुन्या लुगड्याची पट्टी, एकाला सायकलची ट्यूब. मी तिथंच उभी राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. बरंच वाटलं मला.

तर स्टूल. शेवटी इस्माईलभाईच म्हणाले, 'आक्का, दोन्ही करतो. एक पाठवालं, एक बिनपाठीचं. भाऊ म्हणायचे ना, जाऊन बसा. मग बसा की जाऊन.' तीस वर्षं वेल्डिंग करतोय हा माणूस आमच्याकडे, मला एवढंच उलटं बोलला. बिनपाठीची त्यांनी दोन केली, पाठीचं एक. टेंपोत टाकली आणि मी तासगावला गेले.

शेडमध्ये बायका बसलेल्या. समोर बेदाण्याचे ढीग, हात चाललेले. मी पाठीचं स्टूल आधी दिलं, खोटं कशाला बोलू. एक जण बसली, टेकली, म्हणाली, 'लय ब्येस हाय.' मी मनात म्हटलं, झालं, जिंकले. कोपऱ्यात पोत्यावर बसून मी तिच्याकडे बघत राहिले. थोड्या वेळानं तिनं स्टूल जरा तिरकं केलं. मग आणखी तिरकं. मग उठून ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा खाली पोत्यावर जाऊन बसली.

'का गं?' मी विचारलं.

'चांगलं हाय की. पर मागची लागंना.'

तेव्हा मला दिसलं. सकाळपासून डोळ्यांसमोर होतं, पण दिसलं तेव्हा. त्या दोन रांगा करून बसल्या होत्या, पाठीला पाठ लावून. प्रत्येकीच्या मागे एक जण. एकमेकींवर रेलूनच त्यांचं काम चाललेलं. एक हसली की मागचीला न बघता कळायचं. एक जरा पेंगली की मागची खांद्यानं ढोसायची. माझं पाठीचं स्टूल त्या दोघींच्या मधे लोखंड घालत होतं.

मग मी तुझी दोन बिनपाठीची एकामागे एक ठेवली. मागचे पाय सरळ असल्यामुळे ती एकमेकांना चिकटून बसली, मधे बोट जाईना. दोघी बसल्या. पाठी बरोबर लागल्या. एकटं स्टूल कलंडतं, दोन असली की हलत नाहीत. मी तुझ्यासमोर कलंडले तरी तू हे सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं रे? पण मी ऐकलं नसतं, तेही खरंच आहे. म्हटलं असतं, बायका काय जन्मभर जोडीनंच बसणार आहेत का?

आणि अगदी तसंच झालं. रांगेच्या टोकाला शेवंताबाई म्हणून एक वयस्क बाई होती. तिच्या मागे कुणी नव्हतं. एका पोत्याला ती टेकत होती आणि पोतं सारखं सरकत होतं. 'माजी जोडीदारीण औंदा आली न्हाई,' ती म्हणाली. 'लेकीकडं ऱ्हायली पाटणला. आवं, तुमी बसलाय तर माज्या मागं बसा की. तेवडीच पाठ लागंल.'

मी तुझं एक स्टूल तिच्याखाली सरकवलं, दुसरं माझ्याखाली, आणि बसले. तिची पाठ आली. हाडकुळी बाई, पण भार चांगला होता. तिचा हात ढिगाकडे गेला की माझ्या खांद्याला कळत होतं. थोड्या वेळानं तिनं विचारलं, 'बघे साहेब न्हाई आले?'

मी म्हटलं, 'गेला तो. माझा भाऊ होता.'

तिनं वळून बघितलं नाही. फक्त आधीपेक्षा जरा जास्त रेलली. तेव्हा मात्र मला रडू आलं, दिनू. तुझ्या दहाव्याला आलं नव्हतं तेवढं आलं. हातात बेदाणा होता, तोच निवडत रडले.

बसल्या बसल्याच इस्माईलभाईंना फोन लावला. म्हटलं, 'पाठ नको. तुमच्या भाऊंचं खरं होतं. पण दर शेडला एक पाठवालं करा, आणि त्याचे पाय बाहेर फाकवा. टोकाच्या बाईसाठी.'

'भाऊंना चाललं असतं?' त्यांनी विचारलं.

'नसतं चाललं. करा.'

फोन ठेवून मी उठायला गेले, तर शेवंताबाईनं सगळा भार माझ्यावर टाकलेला, आणि हात एका लयीत चाललेले. मी उठले असते तर ती मागे कलंडली असती. मग जेवणाची सुट्टी होईपर्यंत बसून राहिले.